गवत वगळून

आमचं रान चाकणच्या पुढं, मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की डाव्या हाताला. सव्वा एकर. वडील होते तोवर तिथं पावसाळ्यात बाजरी आणि थंडीत गहू-हरभरा व्हायचा. वडील गेले आणि सातबाऱ्यावर आईचं आणि माझं नाव लागलं. मी एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे, बावीस वर्षं झाली. माझं काम म्हणजे दुसऱ्याने बनवलेल्या मालातली चूक शोधायची आणि ती कागदावर अशा भाषेत लिहायची की शेवटी ती कोणाचीच राहू नये. या कामात मी हुशार समजला जातो.

शिफ्ट सांभाळून शेती होईना. आई एकटी किती करणार? डावीकडच्या रानात गोडाऊन झालं, उजवीकडच्या शेजाऱ्यांनी ऊस लावून ठेवला आणि जमिनीच्या गिऱ्हाइकाची वाट बघत बसले. अशात एका उन्हाळ्यात, गहू निघाल्यावर, एक मॅनेजर घरी आला. पस्तिशीतला, शर्टाच्या खिशाला ओळखपत्र लटकवलेला, बोलायला गोड. एका कंपनीच्या नव्या कोऱ्या गाड्या शोरूमला जाईपर्यंत ठेवायचं कंत्राट त्याच्या मालकाकडं होतं आणि त्यासाठी त्याला मोकळी जागा हवी होती.

आईनं त्याला चहा दिला आणि विचारलं, "तुमी तिथं काय करणार?"

"गाड्या उभ्या करणार, काकू."

"कुठं जायच्या गाड्या?"

"विकायला. दिल्ली, कोलकाता, सगळीकडं."

"मग जाऊ द्या की. उभ्या कशापायी करायच्या?"

मॅनेजरनं चहाचा घोट घेतला. मला वाटतं याचं उत्तर त्याच्या मालकालाही देता आलं नसतं. पण जागा रस्त्याला होती, चौकोनी होती आणि आमच्या दोघांच्याही मनात ती द्यायचं ठरत आलं होतं. आईची एकच अट होती. बांधाकडेचं गवत ती म्हशीसाठी कापणार. मॅनेजर हसून म्हणाला, "काकू, गवत तुमचंच. आम्हाला काय करायचंय त्याचं?" हे तो तोंडी म्हणाला, हे मी तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं. कंपनीत मी पोरांना रोज सांगतो की जे लिहिलं नाही ते झालंच नाही.

करारासाठी आम्ही पिंपरीला वकिलाकडं गेलो. वकील साठीचे होते आणि शब्दांना फार जपायचे. आईनं बसल्या बसल्या "भाडेकरू" म्हटलं तसे ते दचकून दाराकडं बघायला लागले.

"आजी, तो शब्द इथं नको. तो भाडेकरू नाही, परवानाधारक आहे. तुम्ही जागा भाड्याने देत नाही आहात. तुम्ही त्याला जागा वापरायला परवानगी देत आहात, अकरा महिने. ताबा तुमचाच, वापर त्याचा. उद्या तो म्हणाला माझा हक्क आहे, तर कोर्टात हा एकेक शब्द मोजला जातो."

"ताबा आमचा म्हंजी मला रानात जाता येतंय न्हवं?"

"कायद्याने बघाल तर तुम्ही तिथंच आहात," वकील म्हणाले.

हे आईला फार आवडलं. घरी येताना ती बसमध्ये म्हणाली, "वकील चांगला हाय. सरळ सांगतो." मग नोंदणी झाली. आईच्या बोटांच्या रेषा खुरप्यानं आणि विळ्यानं इतक्या झिजल्या होत्या की मशीन अंगठा घेईना. तिथल्या मुलीनं चार वेळा पुसून बघितला आणि पाचव्यांदा मशीननं मान्य केलं की जमिनीची मालकीण ही हीच बाई आहे.

तात्पुरत्या बिगरशेती वापराची परवानगी मॅनेजरनेच काढली. मग मुरूम पडला, रोलर फिरला, तारेचं कुंपण आलं आणि फाटक लागलं. करारात लिहिलं होतं की पक्कं बांधकाम करायचं नाही. म्हणून वॉचमनची केबिन चाकांवर होती, संडास चाकांवर होता, पाण्याची टाकीसुद्धा चाकांवर होती. पहिल्याच पावसात ती चाकं मुरमात निम्मी रुतली आणि कायमची बसली. कागदावर मात्र सगळं चालतं-फिरतं राहिलं. गाड्या आल्या, तीनशेच्या आसपास, पांढऱ्या आणि राखाडी, सीटवर प्लास्टिक तसंच असलेल्या. आमच्या रानात इतकं एकसारखं पीक आजवर कधी आलं नव्हतं.

जूनमध्ये पाऊस झाला आणि कुंपणाच्या कडेनं, गाड्यांच्या ओळींमधून गवत वर आलं. आई विळा आणि पोतं घेऊन निघाली. फाटकावर नवा वॉचमन होता, लातूरकडचा, पन्नाशीचा.

"कुठं निघालाव, मावशी?"

"रानात."

"कोणाला भेटायचंय?"

आईनं हातातला विळा दाखवला. मग म्हणाली, "कुनाला न्हाई. गवत कापायचंय."

त्यानं रजिस्टर पुढं केलं. नाव, कुठून आलात, कोणाला भेटायचंय, कामाचं स्वरूप, गाडी नंबर. आई म्हणाली की मी मालकीण आहे. तो बिचारा म्हणाला, "मावशी, हितं मालकीण असा रकानाच न्हाई. व्हिजिटर हाय, व्हेंडर हाय आन ड्रायव्हर हाय. तुमी कशात बसतायलाव सांगा, मी लिवतो."

आई कशातच बसली नाही. ती घरी आली, विळा खुंटीला लावला आणि मी शिफ्ट संपवून येईपर्यंत दारात बसून राहिली. मी आल्यावर म्हणाली, "वकील म्हनला मी तिथंच हाय. वॉचमन म्हनतो न्हाई. तू बघून ये, मी तिथं हाय का न्हाई ते."

मी मॅनेजरकडं गेलो. त्यानं मला खुर्ची दिली आणि माफी मागितली. "दादा, काकूंना आम्ही कसं अडवू? फक्त सेफ्टी इंडक्शन करावं लागेल, एक व्हिडिओ आणि छोटी परीक्षा. तुम्ही कंपनीत आहात, तुम्हाला काय सांगायचं."

खरंच काय सांगायचं. आमच्याकडं फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येकाला मीच तो व्हिडिओ दाखवतो. दुसऱ्या दिवशी माझ्या आईनं चाकांवरच्या केबिनमध्ये बसून हिंदीतला अठरा मिनिटांचा व्हिडिओ बघितला. मग दहा प्रश्नांची परीक्षा झाली. वॉचमन प्रश्न वाचायचा, ती उत्तर द्यायची. आग लागली तर काय कराल, याला पर्याय होते: पळून जाईन, सुपरवायझरला कळवीन, असेंब्ली पॉइंटला जमा होईन. आई म्हणाली, "विझवीन." तो पर्यायच नव्हता. तेवढा एक मार्क गेला.

तिला पिवळं जाकीट मिळालं, हेल्मेट मिळालं. बूट तिच्या मापाचे नव्हते, सात नंबरचे होते, त्यात तिनं चिंध्या कोंबल्या. विळा ही धारदार वस्तू असल्यामुळं त्याची वेगळी नोंद झाली. दर तीन महिन्यांनी हत्यारं तपासून त्यावर त्या तिमाहीच्या रंगाची पट्टी लावायची पद्धत आहे. आईच्या विळ्याच्या मुठीला हिरवी पट्टी लागली. तो विळा वडिलांनी बाजारातून आणला होता आणि माझ्या माहितीत त्याला कोणी कधी नापास केलेला नव्हता.

आता मी खरं सांगतो. पहिल्यांदा तिला लांबून बघितलं तेव्हा मला हसू आलं. हेल्मेटखालून पदर बाहेर आलेला, पाठीवर रिफ्लेक्टरच्या पट्ट्या चमकतायत आणि ती तीनशे गाड्यांच्या मधे बसून सपासप गवत कापतेय. मग लाज वाटली. मग तेही गेलं, कारण तिला स्वतःला त्याचं काहीच वाटत नव्हतं. जाकिटाला दोन खिसे होते, त्यात तिची मिश्री आणि मोबाइल बसायचा. ती म्हणाली, "चांगलं हाय. लांबनं दिसतंय मी कुठं हाय ते."

वॉचमनशी तिची गट्टी जमली. तो दुपारी भाकरी घेऊन बसायचा तेव्हा आई त्याला ताक द्यायची. तो तिच्या भाऱ्याला हात लावायचा. गाड्या धुवायची जागा फाटकाच्या बाजूला होती, तिथलं पाणी वाहून जायचं त्या कडेला बारा महिने गवत हिरवं राहायचं. म्हशीचं दूध वाढलं. मॅनेजरच्या केबिनलाही त्यातलं अर्धा लिटर जायला लागलं. सगळं सुरळीत होतं, म्हणजे ऑडिट होईपर्यंत.

ऑगस्टमध्ये गाड्यांच्या कंपनीकडून ऑडिटर आला. त्यानं टायरची हवा बघितली, अग्निशामक नळकांड्यांवरच्या तारखा बघितल्या आणि मग मागच्या ओळीकडं बोट दाखवून विचारलं, ती बाई कोण? मॅनेजर म्हणाला, जमीनमालकीण. ऑडिटरनं यादी काढली. कर्मचाऱ्यांत ती नव्हती, कंत्राटदारांत नव्हती, पाहुण्यांत असावी तर रोज कशी येते? त्यानं शेरा मारला: विना-करार व्यक्ती नियमितपणे आवारात कार्यरत.

मॅनेजर संध्याकाळी घरी आला. फार ओशाळला होता. "काकू, एक छोटासा कागद करू. तुमच्याच वकिलाकडून करून घेऊ."

वकिलांनी कागद केला आणि तो आम्हाला वाचून दाखवला. यार्ड, म्हणजे मॅनेजरच्या मालकाची कंपनी, परवाना देणार. माझी आई परवानाधारक. सदर जागेत गवत कापण्याची परवानगी, मुदत सहा महिने. अकरा का नाही, तर मॅनेजर म्हणाला की हेड ऑफिसनं सध्या ट्रायल बेसिसवर मान्यता दिली आहे. आई पन्नास वर्षं त्या रानात गवत कापत होती, पण ट्रायल अजून झालेली नव्हती.

वकील वाचत होते, "सदर परवान्यामुळे परवानाधारकास सदर जागेमध्ये कोणत्याही प्रकारचा हक्क, अधिकार अथवा हितसंबंध प्राप्त होणार नाही."

आई म्हणाली, "थांबा. हे तर मी त्यास्नी सांगितलं हुतं."

"बरोबर. तेच कलम आहे."

"आता ते मला सांगतेत?"

"हो," वकील म्हणाले. "कायद्याने दोन्ही बरोबर आहे."

"मग हक्क हाय कुनाचा?"

वकिलांनी चष्मा काढून पुसला. "हक्क तुमचाच आहे, आजी. पण या कागदापुरता नाही." आणि पुढचं कलम वाचलं, "मुदत संपताच परवानाधारकाने सदर जागा पूर्ववत करून परत द्यावी."

"म्हंजी कापल्यालं गवत पुन्ना लावून द्यायचं?"

वकिलांच्या कारकुनाला हसू आवरलं नाही. तो बाहेर जाऊन उभा राहिला. वकील मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, तसा अर्थ निघू शकतो, आणि पेन घेऊन त्यांनी ते कलम खोडलं. आईनं सही केली. सावकाश, एकेक अक्षर जोडत. मला वाटलं होतं ती चिडेल, उठून जाईल. तिनं नुसतं एवढं विचारलं की आता उद्या सकाळी जाऊ ना.

दिवाळीनंतर झालेल्या सेफ्टी सप्ताहात यार्डानं तिला उत्कृष्ट सुरक्षा सहकारी म्हणून निवडलं. हेल्मेट न काढता काम करणारी ती तिथली एकमेव व्यक्ती होती, ड्रायव्हर लोक ते कोपराला अडकवून फिरायचे. तिला स्टीलचा चार पुडाचा डबा मिळाला. मला बावीस वर्षांत कंपनीकडून एक भिंतीवरचं घड्याळ मिळालंय, तेही सगळ्यांना मिळालं म्हणून.

जानेवारी संपला आणि आईचा कागद संपला. वाढवून मिळायचा होता. मॅनेजरनं मेल टाकला. हेड ऑफिसमधला ज्याची सही हवी तो माणूस बदलून गेला होता आणि नव्या माणसाला हा विषय समजत नव्हता. जागामालकाला जागेत गवत कापायचा परवाना आपण का देतो, असं त्यानं विचारलं. प्रश्न चांगला होता, पण त्याला उत्तर पाठवण्यात पंधरा दिवस गेले. तोवर फाटक बंद. वॉचमनला लेखी आदेश होता.

आई दरवर्षी फेब्रुवारीत मागच्या बाजूचं वाळलेलं गवत कापून भारे बांधून ठेवायची, उन्हाळ्याची तजवीज म्हणून. या वेळी ते उभंच राहिलं. मांडीइतकं उंच, पिवळं, कागदासारखं कोरडं. ती फाटकाशी जाऊन मॅनेजरला म्हणाली, "साहेब, ते वाळून खळखळतंय. मला न्हाई तर दुसऱ्या कुनाला तरी कापाया सांगा. शेजारी ऊस तुटला का पाचट पेटवत्यात."

"काकू, फक्त दोन-चार दिवस. मेल येऊ द्या."

मीही मॅनेजरला फोन केला. तो म्हणाला, दादा, तुम्हाला प्रोसेस माहिती आहे. मला माहिती होती. मी फोन ठेवला.

फेब्रुवारीच्या शेवटी एका दुपारी शेजाऱ्यांनी पाचट पेटवलं. वारा फिरला आणि आग बांध ओलांडून कुंपणाखालून आत आली. मी पहिल्या शिफ्टला होतो. मॅनेजर तळेगावला मीटिंगला गेला होता. ड्रायव्हर जेवायला बाहेर गेले होते. आई रस्त्याच्या पलीकडं एका भावकीतल्या बाईंकडं ताक द्यायला गेली होती, तिथून तिला धूर दिसला.

पुढचं मला वॉचमननं सांगितलं. तो एक नळकांडं रिकामं करून दुसरं आणायला पळत होता तेवढ्यात आई फाटकाशी आली. हातात त्या बाईंचा विळा, मागं त्या बाई आणि त्यांची सून, ओली पोती घेतलेल्या. आई म्हणाली, "उघड."

"मावशी, तुमचा पास..."

"उघड म्हनते न्हवं."

त्यानं उघडलं. रजिस्टर काढलं नाही, वेळ लिहिली नाही, कोणाला भेटायचंय विचारलं नाही. आई आगीकडं गेली नाही. आग आणि गाड्यांची मागची ओळ यांच्या मधल्या गवतात ती आडवी कापत निघाली, वीस-पंचवीस पावलं, दोन हात रुंद पट्टा, आणि मागून वॉचमन कापलेलं ओढून बाजूला फेकत होता. दोघी जणी ओल्या पोत्यांनी कडा झोडपत होत्या. त्या पट्ट्याशी येऊन आग बसली. गावातली माणसं जमली, गाड्या धुवायचा पाइप कोणीतरी चालू केला. अग्निशमनची गाडी आली तेव्हा धूर तेवढा उरला होता.

मी पोचलो तेव्हा आई केबिनच्या सावलीत जमिनीवर बसून पाणी पीत होती. उजव्या हातावरची लव जळाली होती आणि पदराला दोन भोकं पडली होती. एका गाडीचा बंपर वितळून लोंबत होता, दोन काळ्या पडल्या होत्या. बाकीच्या तीनशे जशाच्या तशा. ती म्हणाली, "म्हशीला पानी दाखवलं न्हाई आज. तू दाखव जा."

तिसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. चौकशीचा अहवाल पाठवायचा होता, पाच वेळा "का" विचारून मुळाशी जायचा तो फॉर्म, आणि त्यात मी पटाईत आहे हे त्याला माहीत होतं. "दादा, जरा बसाल का माझ्याबरोबर? काकूंचं म्हणणंही इंग्रजीत लिहायचंय."

मी बसलो. चाकांवरच्या केबिनमध्ये, लॅपटॉप पुढं घेऊन. आग का लागली? ठिणगी आत आली. ती पसरली का? वाळलेलं गवत होतं. गवत का होतं? वेळेवर कापलं नाही. का कापलं नाही? कापणाऱ्या व्यक्तीला प्रवेश नव्हता. मी पाचवा "का" टाइप करायला लागलो तेव्हा मॅनेजरनं हळूच माझ्या मनगटावर हात ठेवला.

"इथं थांबू, दादा. पाचव्यात हेड ऑफिस येतंय."

आम्ही एक ओळ मागं गेलो आणि ती खोडली. चौथ्या ओळीत मी लिहिलं की हंगामी वाऱ्याची दिशा अनपेक्षितपणे बदलली. पाचव्यात वाऱ्याबद्दल माहिती देणारी यंत्रणा आवारात उपलब्ध नव्हती. हे वाचून मॅनेजर म्हणाला की तुमच्यासारखं कोणाला जमत नाही. एक रकाना राहिला होता, आढळलेल्या इतर त्रुटी. तिथं त्याला नाइलाजानं लिहावं लागलं: सुरक्षारक्षकाने तीन अनधिकृत व्यक्तींना सुरक्षा साधनांविना प्रवेश दिला. ते वाक्यही मीच इंग्रजीत नीट करून दिलं. खाली साक्षीदार म्हणून सही केली.

आठवड्यानं फाटकावर वेगळा माणूस दिसला. आईनं विचारलं, आपला कुठं गेला? तो म्हणाला, त्याला काढलं, गेट उघडलं म्हणून. आई घरी आली. मी जेवायला बसलो होतो.

"त्या कागदावर काय लिवलंय?"

मी सांगितलं. वाऱ्याचंही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आन हे लिवलं कुनी?"

"मॅनेजरनं. मी नुसतं इंग्रजी..."

"सही कुनाची हाय?"

तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली, भाजी वाढली, मीठ आणून ठेवलं आणि बाहेर जाऊन म्हशीपाशी बसली. त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती. माझ्या आयुष्यात माझ्या चुकीचा इतका स्पष्ट अहवाल मला कोणी दिला नव्हता.

मार्चच्या मध्यात मूळ करार संपत होता. मॅनेजर पेढे घेऊन आला. हेड ऑफिस पुढच्या अकरा महिन्यांना तयार होतं. मी आईकडं बघितलं. मला वाटलं ती नाही म्हणेल, आणि म्हणावं असंही कुठंतरी वाटत होतं. पण तिनं हिशेबानं विचार केला होता. मुरूम दाबून दगड झालेल्या रानात लगेच काय पिकणार होतं?

ती म्हणाली, "देते. पर दोन गोष्टी. करारातनं गवत वगळायचं. जमीन तुमाला वापराया, गवत माजं. त्याचा तुमी मला परवाना द्यायचा न्हाई. दुसरं, फाटकाची एक चावी माज्याकडं राहनार."

मॅनेजर म्हणाला, हेड ऑफिस चावीला तयार होणार नाही. आम्ही सगळे पुन्हा पिंपरीला वकिलांकडं गेलो. वकिलांनी दोन्ही अटी ऐकल्या आणि खुर्चीत सरसावून बसले.

"चावी तर हवीच," ते म्हणाले. "परवाना आहे, भाडेपट्टा नाही, याचा सगळ्यात चांगला पुरावा म्हणजे मालकाकडं चावी. हे मागच्याच करारात घालायला हवं होतं."

"मग का न्हाई घातलं?" आई म्हणाली.

"कोणी मागितली नाही."

कायदाच मागतोय म्हटल्यावर हेड ऑफिसनं एका दिवसात मान्य केलं. करारात नवीन कलम आलं: सदर जागेवर उगवणारे सर्व प्रकारचे गवत वगळून. जाकीट आईनं स्वतःहून ठेवून घेतलं, खिशांसाठी. हेल्मेट परत केलं.

जुन्या वॉचमनसाठी मी मॅनेजरकडं गेलो, एकटाच. अहवाल दुरुस्त करू म्हणालो. तो म्हणाला, दादा, अहवाल आता सिस्टिममध्ये गेला. मग मी वॉचमनचा नंबर शोधून त्याला फोन लावला आणि जे लिहिलं होतं ते सांगितलं. तो म्हणाला, "तुमी नसतं लिवलं तर दुसऱ्यानं लिवलं असतं. सोडा." त्याला वाकडला एका उंच इमारतीत काम मिळालं होतं. यार्डात परत घेतलं तरी येणार नाही म्हणाला. "हितं बरंय. हितं सगळं फरशीच हाय, गवतच न्हाई. मावशीला सांगा, ताकाची आठवन येती." मी आईला फोन दिला. दोघं बराच वेळ बोलत होती. माझ्याशी नीट बोलायला ती त्या दिवसापासून लागली.

आता आमच्या वाडीत आईचं नाव झालंय. आमच्या मागच्या आळीतल्या एक बाई परवा आल्या. त्यांच्या रानात कोणीतरी सिमेंटचे पाइप ठेवायला जागा मागतंय. करार वकिलाकडं जायच्या आधी त्यांना आईला विचारायचं होतं. आईनं त्यांना बसवलं, मला वही आणायला सांगितली.

"बांधावर काय काय उगवतं ते आधी सांग," ती त्यांना म्हणाली.

"काय उगवनार? काई न्हाई."

"आठव की."

बाईंनी आठवून बघितलं. एक शेवगा आहे. दोन बोरी. पावसाळ्यात टाकळा येतो, कुर्डू येते, तिची भाजी करतात. विहिरीच्या अंगाला हादगा. एक सीताफळ, ते कोणी लावलं नाही, आपोआप आलंय. पलीकडच्या कोपऱ्यात तरवड. त्या सांगत गेल्या तशा त्यांना आणखी आठवायला लागलं आणि मी लिहीत गेलो. पान भरलं.

"घोळ लिवली का?" आईनं मला विचारलं.

"घोळीची भाजी कुठं म्हणाल्या त्या?"

"आसतीच. लिव."